मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय? सोलापुरात बसून काय, कधी आणि कसं करायचं

आम्ही तीन वर्षं सात महिने वाट पाहिली आणि निर्णयासाठी हातात आले ४८ तास.

ऑगस्टमधली दुपार होती. चटणीसाठी शेंगा भाजायला घेतल्या होत्या आणि मोबाईलवर मेसेज आला. दत्तक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आमच्या नावापुढे एका मुलीची माहिती आली होती. अकरा महिन्यांची, मराठवाड्यातल्या एका संस्थेत असलेली. गॅस बंद केला, नवऱ्याला फोन लावला आणि मग लक्षात आलं की पासवर्ड लिहिलेली वही नेमकी कुठे ठेवली तेच आठवत नाही. तीन वर्षं सात महिने आम्ही नुसते थांबलो होतो. त्या काळात जी तयारी करायला हवी होती ती केलीच नव्हती. जुळे सोलापूरच्या आमच्या घरात पुढचे दोन दिवस जी धावपळ झाली, ती तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी रस्ता कोणता ते ठरवा

आपल्याकडे दत्तक म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे 'दिराचा मुलगा मांडीवर घेतला' हेच चित्र येतं. हा रस्ता आजही कायदेशीर आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा आहे. त्यात मूल देणारे आईवडील आणि घेणारे आईवडील यांच्यात प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित असावं. घरात आधीच मुलगा, नातू किंवा पणतू असेल तर मुलगा घेता येत नाही. मुलगी किंवा नात असेल तर मुलगी घेता येत नाही. पुरुष मुलगी घेत असेल किंवा बाई मुलगा घेत असेल, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. नवरा-बायको दोघांची संमती लागते. पैशाची देवघेव झाली तर तो गुन्हा आहे. नुसता देवापुढे नारळ फोडून थांबू नका. दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्राची नोंदणी करा, कारण उद्या शाळेत, पासपोर्टला आणि वारसाहक्काला तोच कागद विचारतात.

दुसरा रस्ता अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईवडिलांनी स्वेच्छेनं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या स्वाधीन केलेल्या मुलांचा. तो २०१५ च्या बाल न्याय कायद्यातून जातो आणि त्याला धर्माची अट नाही. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबंही या कायद्यानं मूल दत्तक घेऊ शकतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शबनम हाशमी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं एकाच गल्लीत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. 'आमच्यात चालत नाही' असं म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

यापुढचं सगळं या दुसऱ्या रस्त्याबद्दल.

आपण बसतो का, ते पाहा

जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत आणि दोघांची संमती हवी. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणालाही घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. आधीची दोन किंवा अधिक मुलं असतील, तर विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशा मुलांसाठीच विचार होतो.

वयाचा हिशेब मात्र नीट करा. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. एकल पालकाचं वय ४० च्या आत. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे ९० आणि ४५, चार ते आठसाठी १०० आणि ५०, आठ ते अठरासाठी ११० आणि ५५. नवरा ४४ चा आणि बायको ४० ची असेल तर बेरीज ८४ होते, म्हणजे तान्ह्या बाळाच्या गटाच्या अगदी काठावर. उपचारांचा आणखी एक प्रयत्न, मग आणखी एक, असं करता करता ही बेरीज पुढे सरकते. उपचार करू नका असं मी म्हणणार नाही, आम्हीही केले. पण कधी थांबायचं ते दोघांनी बसून ठरवा. आयव्हीएफचं दुःख ताजं असताना नोंदणी केली, तर घरी येणाऱ्या मुलाकडे न झालेल्या बाळाची जागा भरून काढणारं मूल म्हणून पाहिलं जातं, आणि त्याचा भार त्या मुलावर पडतो.

नोंदणी

देशभरातली दत्तक प्रक्रिया केंद्र सरकारच्या 'कारा' या प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालते. नोंदणी त्यांच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर होते आणि घरबसल्या करता येते. अडलं तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मान्यता असलेल्या विशेष दत्तक संस्थांची यादी पोर्टलवर असतेच, कक्षातही विचारता येते. या कामाची आपल्या जिल्ह्याला जुनी ओळख आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली अनाथ आणि टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. आज तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो.

कागद फार नाहीत: फोटो, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचं प्रमाणपत्र, तब्येत ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि ओळखीच्या किंवा नात्यातल्या दोघांची शिफारसपत्रं. घटस्फोटित असाल तर हुकूमनामा, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. आमची गाडी लग्नाच्या प्रमाणपत्रावर अडली. लग्नपत्रिका होती, अल्बम होता, पण नोंदणीच केलेली नव्हती. ती आधी करून घ्या. शिवाय आधार, पॅन आणि दहावीचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही पाहून घ्या.

कागद चढवायला ३० दिवस मिळतात, पण ते दिवस वापरू नका. यादीतली तुमची ज्येष्ठता कागद चढवून नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून सगळे कागद स्कॅन करून तयार ठेवा आणि मगच फॉर्म उघडा.

फॉर्ममध्ये राज्य, मुलाचं वय, मुलगा की मुलगी, आणि विशेष गरजा असलेलं मूल चालेल का, हे विचारतात. जात किंवा धर्म निवडायची सोय नाही, आणि नसावीच.

घरी येणारी ताई काय पाहते

यानंतर संस्थेची किंवा बाल संरक्षण कक्षाची समाजसेविका घरी येते आणि गृह अभ्यास अहवाल तयार करते. कागद दाखल झाल्यापासून ६० दिवसांत हा अहवाल व्हायचा असतो.

आमच्याकडे त्या यायच्या आदल्या दिवशी मी पडदे धुतले, फरशी पुसली, नवऱ्यानं बाथरूमचा नळ दुरुस्त केला. त्यांनी पडद्यांकडे पाहिलंही नाही. माझ्याशी वेगळं बोलल्या, नवऱ्याशी वेगळं, मग दोघांशी एकत्र. मूल का हवंय? भांडण झालं की कोण आधी बोलतं? दोघंही कामावर असाल तेव्हा मूल कोणाजवळ राहील? मोठं झाल्यावर त्याला दत्तक असल्याचं सांगणार का? मग त्या सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोर कुणाचं का असंना, घरात आलं की आमचंच की. पण रंगानं फार काळी नसावी बघा." मी मान खाली घातली. त्या ताईंनी मात्र ते तिथेच धरलं आणि सासूबाईंशी पंधरा मिनिटं शांतपणे बोलल्या: काळी असली तर काय कराल, शेजारणी काही बोलल्या तर काय सांगाल. अहवाल अडला नाही. उलट ती गोष्ट घरात उघडपणे बोलली गेली हे फार बरं झालं. नाही तर मुलगी घरी आल्यावर ती निघाली असती.

तेव्हा घरातल्या कुणाला पढवून ठेवू नका. उत्पन्न थोडं असेल तर थोडं सांगा. बंगला आहे का, हे कुणी विचारत नाही. मुलाचा खर्च निभावेल का, एवढंच पाहतात. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांना आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांनाही अर्ज करायला कुठलीच आडकाठी नाही.

हा अहवाल तीन वर्षं चालतो. त्या काळात मूल मिळालं नाही तर नव्यानं करावा लागतो. आमचा दोनदा झाला.

एवढी वाट का पाहावी लागते

'संस्थांमध्ये एवढी मुलं आहेत, मग आम्हाला का मिळत नाहीत' असं प्रत्येक जण विचारतो. संस्थेत राहणारं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. अनेकांचे आईवडील हयात असतात, गरिबीमुळे किंवा आजारपणामुळे मूल तिथे ठेवलेलं असतं. सोडून दिलेलं मूल सापडलं की आधी त्याच्या घरच्यांचा शोध घेतात आणि मगच बाल कल्याण समिती त्याला दत्तकासाठी कायद्यानं मोकळं जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही मुदत दोन महिन्यांची आहे, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांची. आईनं स्वतः समितीपुढे येऊन मूल स्वाधीन केलं असेल, तर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांबद्दल कुरकुर करणारे भेटले की मला वाईट वाटतं. कुठल्या परिस्थितीत तिनं सही केली असेल, आणि एखाद्या रात्री तिला मूल परत घ्यावंसं वाटलं तर? तिला तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.

२०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली. वाट पाहणारी कुटुंबं याच्या कितीतरी पट आहेत, आणि बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ हवं असतं. म्हणून तीन-साडेतीन वर्षं जातात. पाच-सहा वर्षांच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी मनाची खरी तयारी असेल तर थांबणं बरंच कमी होतं. पण लवकर मिळतं एवढ्याच कारणानं तो पर्याय निवडू नका. मोठ्या मुलाला आधीचं सगळं आठवत असतं.

या काळात काय करून ठेवायचं, ते आता सांगते. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

एक बालरोगतज्ज्ञ आधीच गाठा. त्यांना सांगा की कधीतरी अचानक एका मुलाचे वैद्यकीय कागद घेऊन येऊ, तेव्हा वाचून समजावून सांगाल का? पोर्टलवरचा मोबाईल नंबर आणि ईमेल चालू ठेवा; नंबर बदलला तर लगेच दुरुस्त करा. पासवर्ड दोघांकडे हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुठल्या गोष्टी चालतील आणि कुठल्या झेपणार नाहीत, हे दोघांनी आत्ताच बोलून घ्या. वेळेआधी जन्मलेलं, वजन कमी असलेलं बाळ? टाळू दुभंगलेलं, शस्त्रक्रियेनं बरं होणारं? एका कानानं ऐकू न येणारं? यातल्या कशाला 'नाही' म्हणालात तर त्यात पाप नाही. पण ते 'नाही' शांतपणे ठरवलेलं असावं, ऐनवेळी घाबरून म्हटलेलं नको.

ते ४८ तास

पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल दिसतो. ४८ तासांत मूल राखून ठेवायचं की नाही ते कळवायचं असतं. अशी संधी एकूण तीनदा मिळते. तिन्ही नाकारली तर वर्षभर पुन्हा नोंदणी करता येत नाही.

फोटो आधी पाहू नका, असं मी सांगते. अवघड आहे, मलाही जमलं नाही. पण एकदा फोटो पाहिला की अहवाल वाचताना डोळे वाक्यांवर ठरत नाहीत. आमच्या मुलीच्या अहवालात लिहिलं होतं, 'आधाराशिवाय बसत नाही'. अकरा महिन्यांची मुलगी बसत नाही म्हटल्यावर मला घाम फुटला. त्या रात्री नऊ वाजता, दवाखाना बंद करता करता एका डॉक्टरांनी तो कागद पाहिला. डोक्याचा घेर, वजनाचा आलेख, हाता-पायांची ताकद कशी नोंदवली आहे, हे बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, संस्थेतल्या बाळांना कडेवर कमी घेतलं जातं, म्हणून बसणं, चालणं मागे पडतं. घरी आली की भरून निघायची शक्यता चांगली आहे, तरी जाऊन स्वतः पाहा. अशी वाक्यं प्रत्येक अहवालात असतात, आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ एकच नसतो. म्हणूनच डॉक्टर हवा.

राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन मुलाला प्रत्यक्ष भेटता येतं. स्वीकार धरून हे सगळं ३० दिवसांत पूर्ण करायचं असतं. आणखी तपासण्या करून हव्या असतील तर याच वेळी सांगा. भेटायला जाताना सगळं खटलं नेऊ नका. दहा अनोळखी तोंडं पाहिली की बाळ रडतं, आणि मग 'हिला आपण आवडलो नाही' असं वाटून आपणही रडतो. दोघंच जा. तिथल्या मावशींना विचारा: काय खाते, झोपताना काय लागतं, हाक कुठल्या नावानं मारता? आमच्या मुलीला झोपताना ट्यूबलाईट चालू लागायची, कारण संस्थेतल्या खोलीत रात्रभर दिवा असायचा. हे विचारलं नसतं तर पहिल्या आठवड्यात ती का रडते तेच कळलं नसतं. नंतर आम्ही दिवा हळूहळू कमी करत नेला, त्याला दीड महिना लागला.

घरी आणणं आणि आदेश

स्वीकारपत्रावर सही झाली की आदेश येण्याआधीच मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याबरोबर घरी येऊ शकतं. संस्था कागदपत्रं जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. पूर्वी हे आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. संस्था ज्या जिल्ह्यात असेल तिथलेच जिल्हाधिकारी. म्हणजे तुम्ही सोलापूरचे असलात तरी फेरी तिकडे मारावी लागेल. सुनावणी बंद खोलीत होते आणि दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेशानंतर जन्मदाखला निघतो आणि त्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं असतात. हातात घेतल्याबरोबर एकेक अक्षर तपासा. शाळेच्या दाखल्यापर्यंत गेलेली चूक दुरुस्त करताना नाकी नऊ येतात. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, पाठपुराव्याची भेट होते. तिला घाबरू नका. दात, भाषा, झोप, हट्ट, जे असेल ते विचारून घ्या. दत्तक मुलासाठी रजा मिळते का, हेही मूल येण्याआधीच नोकरीच्या ठिकाणी विचारून ठेवा.

पैसे, आणि 'एक बाळ आहे' असा निरोप

नोंदणी आणि गृह अभ्यास मिळून ६,००० रुपये. मूल घेताना बाल संगोपन निधीचे ५०,००० रुपये. पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचे २,००० रुपये, अशा चार भेटी. प्रत्येक पैशाची पावती घ्या. याखेरीज कुणी देणगी म्हणून काही मागत असेल तर देऊ नका, आणि बाल संरक्षण कक्षाला कळवा.

आमच्या वाटेच्या दुसऱ्या वर्षी ओळखीतून निरोप आला: एका खाजगी दवाखान्यात अविवाहित मुलगी बाळंत होणार आहे, बाळ थेट तुमच्याच नावावर करून देतो, चार लाख होतील. मी दोन रात्री झोपले नाही. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण तो मुलांचा व्यापार आहे. कायद्यात मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातलं कुणी त्यात असेल तर तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षाही मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. असं आणलेलं मूल पाच वर्षांचं झाल्यावर पोलीस दारात येऊ शकतात आणि ते मूल तुमच्या कुशीतून उचलून समितीपुढे नेलं जाऊ शकतं. असा निरोप आला तर १०९८ वर फोन करा. आणि तुमच्या माहितीतली एखादी मुलगी खरंच अडचणीत असेल, तर तिला बाल कल्याण समितीचा पत्ता द्या. तिथे तिचं नाव गुप्त राहतं.

मुलीला सांगणं

सांगायचं की नाही, हा प्रश्नच मनातून काढून टाका. सांगायचंच, आणि शब्द कळायच्या आधीपासून. आम्ही बारसं केलं तेव्हाच नातेवाइकांना सांगितलं, 'किती पुण्याचं काम केलंत' असं तिच्यासमोर म्हणायचं नाही. ती कुणाच्या पुण्याईवर जगत नाही. ती आमची मुलगी आहे. रोज रात्री तिला एक गोष्ट सांगते: लांबच्या गावातला पाळणा, तिथल्या मावशी, मग गाडी, गाडीत तिनं माझ्या ओढणीचा कोपरा धरून ठेवला होता तो, आणि मग आपलं घर. परवा ती मध्येच म्हणाली, "आणि त्याच्या आधी?" मी म्हटलं, त्याच्या आधी तू एका आईच्या पोटात होतीस, मला तिचं नाव माहीत नाही. ती म्हणाली, "बरं," आणि ओढणी मागितली.

अठरा वर्षांची झाल्यावर तिला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो; जन्मदात्या आईनं गुप्तता मागितली असेल तर ती पाळली जाते. तेव्हा तिच्या हातात देण्यासाठी संस्थेतून मिळालेलं सगळं जपून ठेवा. लसीकरणाचं कार्ड, तिथले फोटो, पहिल्या दिवशीचा फ्रॉक न धुता एका कापडी पिशवीत, आणि तिथल्या मावशी तिला ज्या नावानं हाक मारायच्या ते नाव, तारखेसह कागदावर लिहून.